विश्लेषण : हरणाच्या शिकारीसाठी ‘सरळ पुंगळी’ची रायफल, मोठी गोळी म्हणजे चांगली गोळी का?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात दरवर्षी १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो. तिथे हा दिवस जवळपास सणासारखा असतो. अनेक गावांतल्या शाळाही त्या दिवशी बंद असतात. शेजारच्या ओहायो, इंडियाना, इलिनॉय आणि आयोवा या राज्यांतही शरद ऋतू संपता संपता हेच वातावरण असते. हंगामाच्या तोंडावर तिथल्या बंदुकीच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘३५० घ्यावी की ४५०?’

हा प्रश्न एका खास प्रकारच्या रायफलींबद्दल आहे. त्यांच्या काडतुसाची पितळी पुंगळी सरळ असते. या रायफली लोकप्रिय होण्यामागे कायदा आहे, भूगोल आहे आणि थोडे भौतिकशास्त्रही आहे. डेट्रॉइटच्या वाहन उद्योगात किंवा कोलंबस, शिकागोच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणाला सहकारी शिकारीला बोलावतात, तेव्हा त्यात व्हिसाचाही मुद्दा येतो. हे सगळे सोप्या भाषेत समजून घेऊ.

शिकार, आणि तीही कायदेशीर?

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या शिकारीवर बंदी आहे. अमेरिकेतले चित्र वेगळे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पांढऱ्या शेपटीची हरणे अंदाजे पाच लाखांवर आली होती. आज त्यांची संख्या सुमारे तीन कोटी मानली जाते. बहुतेक भागांतून लांडगे आणि प्यूमा संपले. दुसरीकडे मका आणि सोयाबीनची शेते हरणांना आयते खाद्य पुरवतात. त्यामुळे पिकांचे नुकसान आणि रस्त्यावरचे अपघात ही नेहमीची डोकेदुखी झाली आहे.

म्हणून राज्याचे वन्यजीव खाते दरवर्षी हंगाम ठरवते, परवाने देते आणि एका परवान्यावर किती हरणे मारता येतील याची मर्यादा घालते. १९३७च्या एका केंद्रीय कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो पैसा वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांकडे जातो. मारलेल्या हरणाचे मांस बहुतेक घरांत खाल्ले जाते.

‘सरळ पुंगळी’ म्हणजे नेमके काय?

काडतुसाचे चार भाग असतात : पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की दारू पेटते, वायूचा दाब गोळीला नळीतून पुढे ढकलतो आणि पुंगळी मागे उरते.

बहुतेक आधुनिक रायफलींची पुंगळी थंड पेयाच्या बाटलीसारखी असते. खाली रुंद, वर खांदा आणि मग आवळलेली मान. प्रसिद्ध ३०-०६ काडतूस याच जातीचे. या रचनेत भरपूर दारू मावते आणि ती सगळी ताकद एका बारीक, टोकदार गोळीमागे लागते. परिणामी गोळी सेकंदाला जवळपास ८९० मीटर वेगाने सुटते.

सरळ पुंगळी ही स्टीलच्या पेल्यासारखी. तिला मान नसते, खांदाही नसतो. काटेकोर मोजले तर ती तोंडाकडे किंचित निमुळती असते, पण डोळ्यांना सरळच दिसते. गोळी जवळपास पुंगळीइतकीच जाड असल्याने दारूला जागा कमी मिळते. गोळी जाड आणि जड असते, वेग मध्यम असतो आणि हवेच्या विरोधामुळे तो लवकर घटतो. थोडक्यात, जवळून दणका मोठा, पण दूरवर जोर कमी.

कायद्याला पुंगळीच्या आकाराशी काय देणेघेणे?

याचे उत्तर नकाशात आहे. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा आणि मिशिगनचा दक्षिण भाग हा बराचसा सपाट प्रदेश आहे. शेतांच्या मध्ये घरे, रस्ते आणि छोटी गावे विखुरलेली आहेत. नेम चुकला तर गोळी अडवायला डोंगर नाही. बाटलीसारख्या पुंगळीच्या रायफलची गोळी कोन वर असेल तर दोन-तीन मैलही जाऊ शकते. म्हणून या भागांत अनेक दशके हरणाच्या शिकारीला अशा रायफली चालत नव्हत्या. शिकाऱ्यांकडे छऱ्याच्या बंदुकीतून उडवायची एकच जड गोळी, म्हणजे स्लग, किंवा नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक एवढेच पर्याय होते.

स्लगचा त्रास दुहेरी होता. खांद्याला बसणारा धक्का जबर आणि अचूकता बेताची. सडपातळ माणसे आणि किशोरवयीन मुले पहिल्या दोन-तीन बारांतच धास्तावत. त्यावर मधला मार्ग म्हणून राज्यांनी सरळ पुंगळीच्या रायफलींना परवानगी दिली. स्लगपेक्षा अचूक, धक्का कमी आणि पल्ला मर्यादित, असा त्यामागचा हिशेब होता.

हा हिशेब पूर्ण बिनचूक आहे असे नाही. पेनसिल्व्हेनिया राज्याने २००७मध्ये यावर तांत्रिक अभ्यास करून घेतला होता. स्लग जमिनीला आपटून उसळला तर काही परिस्थितींत तो रायफलच्या गोळीपेक्षाही दूर जाऊ शकतो, असे त्यात दिसून आले. याचा अर्थ एवढाच की पुंगळीचा आकार हा सुरक्षिततेचा केवळ ढोबळ निकष आहे. हरणाच्या मागे काय आहे हे पाहण्याची जबाबदारी कोणतेही काडतूस घेत नाही.

राज्यागणिक नियम कसे बदलतात?

नवखा शिकारी इथेच अडखळतो. काही ठळक टप्पे पाहा :

• इंडियानाने २००७मध्ये पिस्तुलाच्या जातीची काडतुसे वापरणाऱ्या रायफलींना दार उघडले. २०१६पासून खासगी जमिनीवर काही बाटलीसारख्या पुंगळीची काडतुसेही चालू लागली.

• ओहायोने २०१४मध्ये सरळ पुंगळीला मान्यता दिली. गोळीचा व्यास ०.३५७ ते ०.५० इंच आणि बंदुकीत एकूण तीनच काडतुसे, अशी अट घातली.

• मिशिगनने त्याच वर्षी दक्षिण भागासाठी नियम केला : व्यास किमान ०.३५ इंच आणि पुंगळीची लांबी १.१६ ते १.८० इंच.

• आयोवाने २०१७मध्ये परवानगी दिली.

• इलिनॉयने २०२३पासून परवानगी दिली, पण ती एका वेळी एकच काडतूस भरता येणाऱ्या, म्हणजे ‘सिंगल-शॉट’ रायफललाच.

याचा परिणाम गमतीशीर होतो. ४५-७० गव्हर्नमेंट हे १८७३मधले, अमेरिकी लष्कराने वापरलेले नामांकित काडतूस आहे. पुंगळी पूर्ण सरळ, पण लांबी २.१०५ इंच. ओहायोच्या नियमात ते बसते. टोलिडो शहराजवळ राज्याची सीमा ओलांडून दक्षिण मिशिगनमध्ये गेलात, की १.८० इंचांच्या अटीत तेच काडतूस बसत नाही. रायफल तीच, हरीण तेच, फक्त सीमा ओलांडली.

हे नियम वारंवार बदलतात. त्यामुळे खरेदीपूर्वी आणि दर हंगामाआधी राज्याच्या वन्यजीव खात्याची त्या वर्षाची पुस्तिका वाचणे ही निवडीची पहिली पायरी आहे. दुकानदाराचा शब्द किंवा शेजाऱ्याचा अनुभव त्याला पर्याय नाही.

बाजारात काय आहे?

नावातला आकडा हा साधारणपणे गोळीचा व्यास असतो, इंचाच्या हजाराव्या भागात. ४५० म्हणजे सुमारे ०.४५ इंच. वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात; १५.४ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. पुढचे आकडे कारखान्यातून येणाऱ्या प्रचलित काडतुसांचे आहेत.

• ३५० लेजंड (विंचेस्टर, २०१९) : गोळी १५० ग्रेन, म्हणजे ९.७ ग्रॅम. वेग सेकंदाला सुमारे ७०९ मीटर. पुंगळी १.७१ इंच.

• ३६० बकहॅमर (रेमिंग्टन, २०२३) : २०० ग्रेन, १३ ग्रॅम. वेग सुमारे ६७० मीटर. पुंगळी बरोबर १.८० इंच.

• ४०० लेजंड (विंचेस्टर, २०२३) : २१५ ग्रेन, १३.९ ग्रॅम. वेग सुमारे ६८६ मीटर. पुंगळी १.६५ इंच.

• ४५० बुशमास्टर (२००७) : २५० ग्रेन, १६.२ ग्रॅम. वेग सुमारे ६७० मीटर. पुंगळी १.७० इंच.

लांबीचे आकडे पुन्हा पाहा. चारही काडतुसे १.८० इंचांच्या आत आहेत. ४५० बुशमास्टर मिशिगनच्या नियमाआधीचे; ते त्या चौकटीत आयतेच बसले. बाकीची तीन मात्र सरळ पुंगळीच्या राज्यांतला ग्राहक डोळ्यांसमोर ठेवूनच आली. यांशिवाय ३५७ मॅग्नम आणि ४४ मॅग्नम ही मूळची रिव्हॉल्व्हरची काडतुसेही रायफलीत वापरली जातात. धक्का सौम्य, पण पल्ला आणखी कमी.

मोठी गोळी म्हणजे जास्त मारक?

जाहिरातींत जोर असतो तो ऊर्जेच्या आकड्यावर. नळीतून बाहेर पडताना ३५० लेजंडच्या गोळीत सुमारे २,४४० ज्यूल, तर ४५० बुशमास्टरच्या गोळीत सुमारे ३,६४० ज्यूल ऊर्जा असते. दीडपट! मग ४५०च घ्यावी असे कुणालाही वाटेल.

पण हरीण ज्यूलने पडत नाही. गोळी फुप्फुस आणि हृदयाच्या भागात लागली तरच ते झटपट मरते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा हा भाग साधारण ८ ते १० इंचांच्या थाळीएवढा असतो. गोळी त्याबाहेर, पोटात किंवा पायाला लागली, तर प्राणी जखमी होऊन झाडीत पळतो आणि तासन्‌तास तडफडतो. मग गोळी ३५० होती की ४५०, याने काही फरक पडत नाही.

आता गोळीचा मार्ग पाहू. सुटल्याक्षणापासून गुरुत्वाकर्षण गोळीला खाली खेचते. दुर्बीण १०० यार्डांवर (सुमारे ९१ मीटर) नेमकी जुळवली, तर २०० यार्डांवर ४५० बुशमास्टरची गोळी ढोबळ हिशेबाने १० इंच खाली लागते. ३५० लेजंडची सुमारे ८ इंच. बाटलीसारख्या पुंगळीच्या ३०-०६ची मात्र तीन-चार इंचच. त्यात ४५० बुशमास्टरच्या गोळीची ऊर्जाही २०० यार्डांवर निम्म्याहून खाली आलेली असते.

म्हणजे थाळीच्या मध्यावर नेम धरला आणि अंतराचा अंदाज चुकला, तर गोळी थाळीच्याच बाहेर. या काडतुसांचे खरे घर १०० ते १५० यार्डांच्या आतले आहे. त्यापुढे जायचे तर अंतर मोजणारे लेझर यंत्र आणि भरपूर सराव हवा. दोन्ही नसेल तर चाप न ओढणे हाच शहाणपणा.

खांद्याला बसणारा धक्का का महत्त्वाचा?

शाळेतला न्यूटनचा तिसरा नियम आठवा. गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते. गोळीचे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. ३५० लेजंडचा संवेग साधारण ६.९, ४५० बुशमास्टरचा १०.९ आणि २८ ग्रॅमच्या स्लगचा १३.८च्या आसपास (किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद).

फरक दीडपटीचाच वाटतो. पण रायफलचे वजन सारखे असेल, तर मागे येणाऱ्या रायफलची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.५८चा वर्ग सुमारे २.५. म्हणजे ४५० बुशमास्टर खांद्याला जवळपास अडीचपट ऊर्जेने ठोकते. हा हिशेब फक्त गोळीचा आहे. जळत्या दारूचे वायू त्यात धरलेले नाहीत.

याचा संबंध थेट नेमाशी आहे. धक्क्याची भीती बसली की माणूस चाप ओढण्याआधीच नकळत डोळे मिटतो, खांदा पुढे काढतो आणि गोळी भरकटते. दुसरे म्हणजे सराव टाळला जातो. ३५० लेजंडने एका बैठकीत वीस-तीस बार सहज मारता येतात. हलक्या वजनाच्या ४५०ने आठ-दहा बारांनंतरच अनेकांना नकोसे होते. नळीच्या तोंडाला ‘मझल ब्रेक’ लावून धक्का कमी करता येतो, पण आवाजाचा मारा वाढतो. कानांचे संरक्षण तर सगळ्यांनाच हवे, ब्रेक असेल तर जास्तच.

म्हणून प्रश्न ‘कोणती गोळी मोठी’ हा नाही. ‘कोणती गोळी मी दहापैकी दहा वेळा थाळीत बसवू शकतो’ हा आहे.

रायफलचा प्रकार कसा ठरवायचा?

बोल्ट : हाताने खटका मागे-पुढे करून काडतूस भरायचे. रचना साधी, अचूकता चांगली. रुगर, सॅव्हेज अशा कंपन्यांची मॉडेल्स ३५० लेजंड आणि ४५० बुशमास्टरमध्ये मिळतात. पहिल्या रायफलसाठी बहुतेक जण हाच प्रकार सुचवतात.

सिंगल-शॉट : एक बार, मग उघडून पुन्हा भरायची. स्वस्त, हलकी आणि शिकाऊ हातांना सोपी. इलिनॉयमध्ये तर हाच पर्याय. वजन कमी असल्याने धक्का मात्र जास्त जाणवतो.

लिव्हर : काउबॉय चित्रपटांत दिसते ती. ३६० बकहॅमर मुख्यतः हिच्यासाठीच बनवले आहे. त्याच्या पुंगळीच्या बुडाला कड असते आणि ती काडतुसाला चेंबरमध्ये योग्य जागी अडवते. कड आणि खांदा दोन्ही नसलेल्या ३५० आणि ४५०मध्ये मात्र हे काम पुंगळीचे तोंडच करते. म्हणून घरी काडतुसे पुन्हा भरणाऱ्यांना तोंड किती आवळायचे याची फार काळजी घ्यावी लागते. नवख्याने कारखान्यातलीच काडतुसे घ्यावीत.

एआर-१५ पद्धतीची अर्धस्वयंचलित : पुढचे काडतूस आपोआप भरले जाते. किती काडतुसे ठेवता येतील यावर राज्यांची बंधने आहेत आणि काही राज्यांत अशा रायफलींच्या विक्रीवरच निर्बंध आहेत.

कोणतीही घ्या, नळीवर कोरलेले नाव आणि डब्यावरचे नाव अक्षरशः एकच असले पाहिजे. ‘व्यास तर सारखाच आहे’ म्हणून दुसरे काडतूस घालणे जिवावर बेतू शकते. गोळी शिशाची घ्यायची की तांब्याची, हाही प्रश्न आहे. शिशाची गोळी फुटून तिचे बारीक कण मांसात राहू शकतात. घरात लहान मुले असतील तर तांब्याची गोळी बरी, मात्र ती महाग पडते. मुळात ३५० लेजंडची काडतुसे सर्वसाधारणपणे ४५०पेक्षा स्वस्त असतात आणि स्वस्त म्हणजे जास्त सराव.

एच-१बीवर असलेल्यांनी काय लक्षात ठेवावे?

हा भाग तिथल्या मराठी कुटुंबांसाठी सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास मनाई आहे. याला एक ठळक अपवाद आहे : अमेरिकेतल्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डधारकांना ही व्हिसाची मनाई लागू नाही.

यातली मेख अशी की परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. ‘बाळगणे’ या शब्दाचा अर्थही व्यापक आहे. रायफल विकत घेतली नाही, फक्त मित्राची हातात घेऊन मैदानावर सराव केला, तरी तो प्रकार त्यात येऊ शकतो. हा गंभीर गुन्हा आहे आणि त्याचा फटका पुढच्या ग्रीन कार्डलाही बसू शकतो. त्यामुळे क्रम असा ठेवा : आधी शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम, मग परवाना आणि त्यानंतरच रायफलला हात. मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी हे प्रशिक्षण बंधनकारक आहे. त्याशिवाय राज्यांचे स्वतंत्र नियम आहेत. मिशिगनमध्ये २०२४पासून रायफल खरेदीलाही आगाऊ परवाना लागतो, तर इलिनॉयमध्ये बंदूकधारकाचे ओळखपत्र. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारावे.

आणखी एक. शिकारीला नेलेली बॅग तशीच उचलून भारतात येऊ नका. कप्प्यात विसरलेले एक जिवंत काडतूसही मुंबई विमानतळावर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली कारवाईला पुरेसे ठरते.

मग निवड करायची कशी?

१. राज्याचा चालू वर्षाचा नियम : व्यास, पुंगळीची लांबी, काडतुसांची संख्या, रायफलचा प्रकार. यात न बसणारे नाव यादीतून लगेच काढा.

२. तुमचे अंतर : जिथे बसणार तिथून हरीण किती लांब दिसेल? झाडीत ५०-८० यार्ड असेल तर यातले कोणतेही काडतूस पुरेसे आहे.

३. तुमचा खांदा : शक्य असेल तिथे मैदानावर भाड्याची रायफल चालवून पाहा. नवख्याला, किशोरवयीनाला किंवा धक्का नको असलेल्याला ३५० लेजंड. लिव्हरची आवड असेल तर ३६० बकहॅमर. ज्याला स्लगची सवय आहे आणि जड गोळीच हवी आहे, त्याने ४०० किंवा ४५०कडे पाहावे.

४. काडतुसांची उपलब्धता : जवळच्या दुकानात एकाच बनावटीचे पाच-सहा डबे मिळतात का, हे रायफल घेण्याआधी तपासा. बनावट बदलली की नेम पुन्हा जुळवावा लागतो.

५. सराव : हंगामाआधी ५०, १०० आणि १५० यार्डांवर कागदी लक्ष्यावर बार मारा. ज्या अंतरावर गोळ्या आठ इंचांच्या वर्तुळाबाहेर जाऊ लागतात, तिथे तुमची हद्द संपली. डब्यावर काहीही छापलेले असो, जंगलात त्या हद्दीपुढच्या हरणावर चाप ओढायचा नाही.